'मार उडी' म्हणणारी माणसं

पोहायला शिकताना इंद्रायणीच्या काठावर मला एक गोष्ट कळली होती. "अरे, मार की उडी!" असं जे सगळ्यांत मोठ्यानं ओरडत असतात, त्यांचे कपडे कोरडे असतात. पाण्यात असलेला माणूस कधी असं ओरडत नाही. त्याला श्वास घ्यायचा असतो.

हे ज्ञान मला पुढे चाळीस वर्षं कुठंही उपयोगी पडलं नाही. मग २०२३ च्या दसऱ्याला मला एक नवी नोकरी चालून आली, आणि काठ पुन्हा माणसांनी भरून गेला.

आधी माझी ओळख सांगतो. मी इंदुरीचा. इंदूरचा नव्हे. (हा खुलासा मी जन्मभर करत आलोय. तो ऐकूनही लोक जाताना "येताना शेव आणा हं" असं सांगतातच.) तळेगाव दाभाडे सोडून चाकणच्या रस्त्याला लागलं, की खड्डे चुकवता चुकवता इंद्रायणीच्या काठी आमचं गाव येतं. गावाला सरसेनापती खंडेराव दाभाड्यांची गढी आहे, गढीत कडजाई देवीचं देऊळ आहे, मान वर केली की भंडाऱ्याचा डोंगर दिसतो आणि मान खाली केली की भाताची खाचरं. खाचरं अलीकडे जरा शोधावी लागतात. त्यांच्यात आता गोदामं उगवतात, आणि गोदामांना पाऊस कमी पडला तरी चालतो.

तर अशा गावात राहून मी तळेगावजवळच्या एका कारखान्यात तेव्हा चोवीस वर्षं स्टोअरकीपर होतो. कारखान्याचं नाव सांगत नाही. ते पगाराच्या चिठ्ठीवर आहे तेवढं पुरे. नट, बोल्ट, बेअरिंग, ओ-रिंग, गॅस्केट आणि हातमोजे यांचा मी कारभारी. गेटमधून आत आलेली प्रत्येक वस्तू माझ्या सहीनं आत येते आणि माझ्या सहीनं बाहेर जाते. मालकाची सही वर्षातून चार वेळा होत असेल. माझी दिवसातून दोनशे वेळा होते. असो. मोठेपणा मिरवायची ही जागा नव्हे.

माझ्याबरोबर कामाला असलेला एक गृहस्थ दहा वर्षांपूर्वी कंपनी सोडून गेला होता. त्यानं चाकणला स्वतःचा लहानसा कारखाना टाकला, तो चालला, वाढला. दसऱ्याला सोनं द्यायला तो घरी आला. हातावर आपट्याची पानं ठेवली आणि म्हणाला, "माझ्याकडं ये. पगार दीडपट. स्टोअर, खरेदी सगळं तुझ्या हाती. पुढं दोन-तीन वर्षांत थोड्या भागीदारीचंही बघू."

मराठीत 'बघू' या शब्दाचे किती अर्थ होतात ते लग्न ठरवताना, देणगी मागताना आणि भिंतीचा वाद मिटवताना मी शिकलो आहे. पण दीडपट हा आकडा होता. त्याचा अर्थ एकच होतो.

बातमी दिवाळीच्या आत गावभर झाली, आणि गावाचे लगेच दोन पंथ पडले. एक उडीपंथ, दुसरा खुंटापंथ. उडीपंथात साधारणपणे चाळिशीच्या आतले, लॅपटॉप पाठीवर घेऊन हिंडणारे लोक. खुंटापंथात साठीच्या पुढचे, ज्यांना आता कुणी नोकरी देणार नाही आणि ज्यांची कुणी घेणारही नाही असे. दोन्ही पंथांत एका बाबतीत एकमत होतं. माझ्या आयुष्याचं काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं.

उडीपंथाचा प्रमुख माझा सख्खा भाचा. हिंजवडीला असतो. सात वर्षांत पाच नोकऱ्या. एकदा तर नव्या कंपनीत रुजू होण्याच्या आदल्या दिवशी त्याला तिसरीकडून बोलावणं आलं आणि मधली नोकरी त्यानं न करताच सोडली. हा पराक्रम आमच्या घराण्यात दुसरा कुणी केलेला नाही. तो मला म्हणाला, "मामा, तुम्ही कम्फर्ट झोनमध्ये अडकलाय. त्यातनं बाहेर आल्याशिवाय ग्रोथ नाही."

या 'कम्फर्ट झोन'ला मराठीत शब्द शोधून मी दमलो. नाहीच. असणार कसा? आमच्या बहुतेकांना ती जागा कधी मिळालेलीच नाही. आता माझ्या सुखाचा हा प्रांत कसा होता तो ऐका. पहाटे पावणेसहाला उठायचं. सव्वासहाला डबा. मग तळेगाव-चाकण रस्त्यावर चाळीस चाकी ट्रेलरच्या बाजूनं दुचाकी घालायची, ट्रेलरवाला झोपलेला नाही असं धरून चालायचं, आणि पावसाळ्यात खड्ड्यातलं पाणी किती खोल आहे ते आत जाऊन मोजायचं. दिवसभर सिमेंटच्या फरशीवर उभं राहायचं. चोवीस वर्षांत या सुखानं माझे कमरेचे दोन मणके खाल्ले. आणि हवेशीर हापिसात गोल फिरणाऱ्या खुर्चीवर बसलेला माणूस मला फोनवर सांगतो, मामा, थोडी झळ सोसायला शिका!

माझे वडील पावसाचे चार महिने भात करायचे आणि उरलेले आठ महिने मिळेल ते काम. "दिवाळीनंतर काय?" हा प्रश्न आमच्या घरात दर दिवाळीला फराळाबरोबर यायचा. १९९९ साली मी पहिला पगार आणून त्यांच्या हातावर ठेवला, तेव्हा त्यांनी तो मोजला नाही. नोटा तशाच धरून एवढंच विचारलं, "पुढल्या म्हयन्यालाबी येत्याल?"

मी म्हटलं, "येतील."

मग त्यांनी मोजला.

ज्या घरात हा प्रश्न कधी विचारला गेला नाही, त्या घरातल्या माणसानं मला स्थैर्याचा तिटकारा शिकवू नये. स्थैर्य म्हणजे आळस, स्थैर्य म्हणजे गंज, स्थैर्य म्हणजे डबकं, असं भाषणांत सांगतात. मी स्टोअरवाला आहे, गंज म्हणजे काय ते मला विचारा. गंज जागेवर ठेवल्यानं चढत नाही. ओल लागल्यानं चढतो. ग्रीस लावून, कागदात गुंडाळून ठेवलेलं बेअरिंग वीस वर्षांनी काढलं तरी नव्यासारखं फिरतं. उलट रोज इकडून तिकडे नेलेलं पहिलं बिघडतं.

उडीपंथाकडं दाखल्यांचा तोटा नसतो. पहिला दाखला हटकून लक्ष्मणराव किर्लोस्करांचा. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधली शिक्षकाची नोकरी त्यांनी सोडली आणि केवढं साम्राज्य उभं राहिलं! खरं आहे. माझ्या मनात त्यांच्याविषयी आदरच आहे. पण जरा पुढचं-मागचं वाचा की. एक तर त्यांच्या हक्काची बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियनाला दिली, म्हणून ते संतापून बाहेर पडले. कम्फर्ट झोन फार झाला म्हणून नव्हे. आणि दुसरं म्हणजे किर्लोस्कर बंधूंचं सायकलींचं दुकान १८८८ सालचं. लक्ष्मणराव मुंबईत नोकरी करत सायकली घेऊन पाठवत आणि बेळगावात भाऊ रामूअण्णा त्या विकत. नोकरी सोडली ती त्यानंतर कित्येक वर्षांनी, पायाखाली दुकान आल्यावर. म्हणजे उडी मारायच्या आधी माणसानं पाण्याची खोली मोजली होती, तळाशी भाऊ उभा केला होता, आणि वरून कुणीतरी ढकललंही होतं. याला उडी म्हणत असाल तर मलाही एखादा रामूअण्णा द्या, उद्याच राजीनामा लिहितो.

(जाता जाता एक गंमत. पगार एकीकडचा घेऊन दुसरीकडचं काम करण्याला आता 'मूनलायटिंग' म्हणतात आणि २०२२ साली एका बड्या संगणक कंपनीनं त्यापायी तीनशे माणसं घरी पाठवली. आजच्या हिशोबानं लक्ष्मणराव सायकलीच्या दुसऱ्याच खोक्याला सापडले असते.)

दुसरा दाखला तर आमच्या गावातून नुसत्या डोळ्यांनी दिसतो. भंडाऱ्याचा डोंगर. भाचा त्या डोंगराकडं बोट करून म्हणाला, "मामा, तुकोबांनी काय केलं? दुकान सोडलंच ना? लोकांकडून येणं असलेली खतं इंद्रायणीत बुडवली ना?"

आता देहू आमच्यापासून हाकेवर. तुकोबांच्या बाबतीत इंदुरीकराला कुणी हिंजवडीहून येऊन शिकवावं, हे जरा जास्तच झालं. मी म्हटलं, "बाबा रे, अर्धी बुडवली. निम्मी खतं धाकट्या भावाच्या वाट्याची होती, ती त्यांनी कान्होबाच्या हाती दिली. बुडवली ती फक्त स्वतःच्या हिश्शाची. एवढा हिशोब वैराग्यातही सोडला नाही त्या माणसानं."

भाचा गप्प बसला. मग मीच चढलो. म्हटलं, "आणि डोंगरावर तुकोबा बसले होते हे सगळ्यांना माहीत आहे. रोज भाकरी घेऊन तो डोंगर चढत कोण होतं? जिजाई. पोरांना घरात ठेवून, उन्हातान्हात. तिच्या पायात काटा मोडल्याची गोष्ट सांगतात लोक, आणि तो पांडुरंगानं काढला म्हणून हात जोडतात. काटा काढला हे ठीक. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा भाकरी घेऊन चढली ती तीच ना? आणि तिला आपण काय म्हणून ओळखतो? कजाग! संतांना त्रास देणारी बाई!"

बोलता बोलता मला स्वतःलाच पटत गेलं. माणसानं नोकरी सोडली, धंदा सोडला, घर सोडलं, अशा जेवढ्या म्हणून थोर गोष्टी आहेत, त्या सगळ्या डोंगराच्या माथ्यावरून सांगितलेल्या असतात. पायथ्यापासून सांगितलेली एकही नाही. ज्याला त्याला उडी दिसते. त्या दिवशी घरात तांदूळ कुणी निवडले ते कुणाला दिसत नाही. धाडस एक जण करतो आणि त्याचे हप्ते बाकीचे चौघं फेडतात. तेव्हा "उडी मार" म्हणणाऱ्यानं आधी एवढंच सांगावं, की वर भाकरी कोण आणून देणार? तो देणार असेल तर बोलावं. नसेल तर काठावर गप्प उभं राहावं.

भाच्यानं मोबाइल काढला आणि "एक कॉल आहे" म्हणून अंगणात गेला. मी जिंकलो असं धरून मी चहा मागवला.

पण म्हणून मी खुंटापंथी झालो असं समजू नका. त्यांचं तर त्याहून अवघड. आमच्या शेजारचे आण्णा या पंथाचे अध्वर्यू. त्यांनी ओट्यावरूनच विचारलं, "आरं, कायम हायेस ना?"

"आहे."

"मग झालं! कायम नोकरी आन् सोन्याची कांडी, दोन्ही हातची सोडू नयेत."

'कायम' या शब्दावर या पिढीची जी श्रद्धा आहे ती कडजाईवरही नाही. आता हा शब्द आमच्याच मुलखात काय लायकीचा निघाला तो बघा. अमेरिकेची जनरल मोटर्स तळेगावला आली, २००८ साली गाड्या निघू लागल्या. तिथं लागलेल्या पोराला मुली सांगून यायच्या. कंपनी अमेरिकेची, बस दारात, जेवण फुकट, नोकरी कायम! डिसेंबर २०२० मध्ये शेवटची गाडी बाहेर पडली आणि काम बंद झालं. आधी एक चिनी कंपनी कारखाना घेणार होती, ते बारगळलं. कामगार कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले. २०२३ साली कोरियाच्या ह्युंदाईनं तो कारखाना घ्यायचा करार केला. अमेरिका, चीन, कोरिया असं सगळं जग फिरून झालं. 'कायम' तेवढी बारा वर्षांत संपली. त्या पोरांनी कुठं उडी मारली होती? ती बिचारी आण्णांचंच ऐकून खुंट्याला बांधून घेऊन उभी होती. खुंटाच उपटून गेला.

आणि लांब कशाला, आमच्या गढीच्या दरवाजात उभं राहून बघा. खंडेराव दाभाड्यांना शाहू महाराजांनी १७१७ साली सेनापतिपद दिलं. त्याहून कायम नोकरी मराठी मुलखात कुठली? १७२९ साली ते वारले, पद मुलाला, त्रिंबकरावांना मिळालं. दोन वर्षांत, १७३१ साली, डभईच्या रणात त्रिंबकराव पडले. मोगलांशी लढताना नव्हे, बाजीरावांच्या फौजेशी लढताना. म्हणजे आपल्याच हापिसातल्या दुसऱ्या खात्याकडून! पद मग धाकट्या भावाला गेलं, पण त्यात राम उरला नाही. राज्य राखायची धडपड आई उमाबाईंनाच करावी लागली. आज गढीचा दरवाजा आणि बुरूज तेवढे कायम आहेत. ते दगडाचे आहेत म्हणून.

खुंटापंथाचं दुसरं अस्त्र पेन्शन. आण्णा म्हणाले, "सात वर्सं काढ. पेन्शनीत निघशील." मी बसून हिशोब मांडला. १९९५ च्या योजनेत माणसाचा पगार किती का असेना, पेन्शनीच्या गणितात तो २०१४ पर्यंत साडेसहा हजार आणि त्यानंतर पंधरा हजार एवढाच धरत होते. त्याला नोकरीच्या वर्षांनी गुणून सत्तरनं भागायचं. सात वर्षं आणखी काढून, सगळ्या सवलती धरून माझा आकडा महिना सहा हजारांपलीकडे जाईना. ग्रॅच्युइटीचं थोडं बरं. दर वर्षामागं पंधरा दिवसांचा पगार, आणि महिना मात्र सव्वीस दिवसांचा धरायचा. महिना सव्वीस दिवसांचा असतो हे मला एक्कावन्नाव्या वर्षी कळलं. आधी कळतं तर घरखर्चातही वापरलं असतं.

तेव्हा राहावं तर 'कायम' खोटं, आणि जावं तर 'संधी' तरी खरी का? संधीचा अनुभव आमच्या पंचक्रोशीला ताजा होता. वेदांत-फॉक्सकॉन म्हणून चिपा बनवायचा अवाढव्य कारखाना तळेगावला येणार येणार म्हणत होते. (चिपा म्हणजे बटाट्याच्या नव्हेत, हे आण्णांना समजावण्यात माझी एक संध्याकाळ गेली.) लोकांनी मनातल्या मनात जमिनींचे भाव वाढवले, खानावळींचे बोर्ड रंगवायला टाकले. सप्टेंबर २०२२ मध्ये कळलं की कारखाना गुजरातला गेला. वर्तमानपत्रांत केवढा गहजब झाला! आणि पुढल्या जुलैत फॉक्सकॉन त्या भागीदारीतूनच बाहेर पडली. म्हणजे संधी आमच्या वेशीपर्यंत आली, पाणी न पिता गुजरातला गेली, आणि तिथंही सासरी नांदली नाही. आम्ही मात्र तिच्या नावानं बोर्ड रंगवून बसलो.

अशा तऱ्हेनं दोन्ही पंथांचं खंडन करून मी दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी (आमच्याकडं कारखान्यांना सुट्टी गुरुवारची) झोपाळ्यावर बसून मित्राला द्यायचा नकार मनात घोळवत होतो. भाषण छान जमलं होतं. घराचं कर्ज. मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. हिचे गुडघे. शेवटी जिजाईचा दाखला. 'मी डोंगरावर जाऊन बसेन रे, पण भाकरी हिनं आणायची ना?' हे वाक्य मी दोनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं.

आतून ही आली. हातात दुधाच्या हिशोबाची वही.

"कुणाच्या भाकऱ्या चालल्यात?"

मी तिला सगळं सांगितलं. तुझ्यासाठी मी ही संधी सोडतोय, असा एकंदर सूर होता. तिनं वहीचं शेवटचं पान उघडून माझ्यापुढं धरलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख होती. खाली तिच्या बारीक अक्षरात घराच्या कर्जाचे उरलेले हप्ते, मुलीची दोन वर्षांची फी, आईंची औषधं, तिच्या शिकवण्यांचं येणं, माझा आताचा पगार, मित्राचा दीडपट पगार, आणि 'भागीदारी' या शब्दापुढं एक मोठं शून्य. सगळ्यात शेवटी लिहिलं होतं : 'धंदा बसला तर १४ महिने निघतील.'

"हे कधी केलंस?"

"तुम्ही गावभर सल्ले गोळा करत होतात तेव्हा. मला कुठं कुणी विचारलं होतं? म्हटलं, आपलं आपण करून ठेवावं. पाच वर्षांपूर्वी असतं तर मीच नको म्हटलं असतं. आता झेपतं. जा म्हणाल तर जा."

वाचकहो, माझ्या पायाखालचा झोपाळा थांबला. तीन आठवडे मी जिच्या नावानं भांडत होतो, जिच्या गुडघ्यांचा मी ढालीसारखा उपयोग करत होतो, ती जिजाई डोंगराच्या पायथ्याशी टोपली भरून तयार उभी होती! आणि तिला एका शब्दानं विचारण्याचं मला सुचलं नव्हतं. भाच्यापुढं एवढं तोंड वाजवूनही.

"मग आता काय?" मी म्हटलं.

"मी काय सांगू? तुम्हाला जायचंय का?"

हा प्रश्न मला तोपर्यंत कुणीही विचारला नव्हता. उडीपंथानं विचारलं होतं, 'भिता का?' खुंटापंथानं विचारलं होतं, 'भागतंय ना?' जायचंय का, असं कुणी म्हटलंच नव्हतं. मी बराच वेळ गप्प बसलो. आणि मला काय आठवलं सांगू? एक फोन.

मागच्या पावसाळ्यात रात्री दीडला रात्रपाळीच्या सुपरवायझरचा फोन आला होता. "काका, मशीन बंद पडलंय. ६२०५ नंबरचं बेअरिंग पाहिजे. कॉम्प्युटरवर शिल्लक शून्य दाखवतंय." मी अंथरुणातूनच म्हटलं, "शून्य नाही, चार आहेत. तिसऱ्या रॅकच्या मागं, खालच्या फळीवर निळा डबा आहे. त्यावर 'वॉशर' लिहिलंय." तो म्हणाला, "काका, वॉशर नकोयत, बेअरिंग—" मी म्हटलं, "तू उघड तर खरा." दोन मिनिटांनी फोनमधून त्याचा आवाज आला, "चार आहेत!" पोरगा असा ओरडला, जणू गुप्तधनच सापडलं. मशीन सुरू झालं. मी कुशीवर वळलो आणि त्या रात्री जी झोप लागली, तशी झोप दीडपट पगारात मिळते का, ते मला माहीत नाही. पण मला ती आवडते.

"मला आवडतं गं तिथलं," मी म्हटलं. चोरी कबूल केल्यासारखा आवाज आला माझा.

"मग तसं सांगा ना त्यांना! माझ्या गुडघ्यांवर आणि पोरीच्या फीवर कशाला ढकलता?" असं म्हणून ती वही मिटून आत गेली.

आता गंमत बघा. 'भीती वाटते' म्हणून नोकरीत राहिलो असं म्हटलं, तर लोक समजूत घालतात. 'हप्ते आहेत' म्हटलं, तर सहानुभूती दाखवतात. 'पेन्शन आहे' म्हटलं, तर शहाणा म्हणतात. पण 'काम आवडतं' म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक प्रकारची दया येते. चोवीस वर्षं एकाच जागी, आणि आवडतं? पन्नाशीतल्या माणसानं बायको आवडते असं चारचौघांत म्हटल्यासारखंच ते. आयुष्यभर एकाच विठोबाची वारी करणाऱ्या या मुलखात हे व्हावं! वारकऱ्याला कुणी म्हणतं का, की बुवा, दर साली पंढरपूर काय, आता जरा ग्रोथ बघा?

मी मित्राला फोन लावला. म्हटलं, "तुझे फार उपकार आहेत. पण मी येत नाही."

"का रे? वहिनी नको म्हणतायत?"

"नाही. ती जा म्हणते."

"मग? रिस्क वाटते?"

"तशी नाही वाटत. मला इथलं काम आवडतं."

पलीकडं शांतता पसरली. मग तो हळू आवाजात म्हणाला, "आणखी पाच हजार वाढवतो."

मी पुन्हा सांगितलं. त्यानं गाडी देऊ केली. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्याला वाटलं मला बरं नाही, आणि तळेगावच्या एका डॉक्टरचं नाव त्यानं सुचवलं.

त्याचा धंदा बसला नाही. चांगला जोरात आहे. माझ्या जागी त्यानं एक तरुण पोरगा घेतला, त्याला गाडी दिली आहे, आणि ती गाडी दर गुरुवारी आमच्या दारावरून जाते. तेवढ्यापुरता मी आत जाऊन पाणी पिऊन येतो. भाचा सहाव्या कंपनीत आहे. आण्णांना वाटतं मी त्यांचं ऐकलं. ते सगळ्यांना तसं सांगतात.

परवा रात्री अकराला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. तोच तरुण पोरगा. "काका, साहेब म्हणाले तुम्हालाच विचार. दोन तास शोधतोय. जुन्या माणसानं लावलेलं स्टोअर, कॉम्प्युटर सांगतो सील आहेत, पण रॅकवर काही सापडेना. नुसते वॉशरचे डबे."

मी अंथरुणात उठून बसलो. "किती डबे आहेत?"

"तीन."

"हलवून बघ. कुठला वाजत नाही?"